मामूंच्या कॅमेऱ्यातलं लग्न

आपाचं लग्न २००९ साली इथे पूर्णेतच झालं. अकोला लाइन नुकतीच ब्रॉडगेज झाली होती, वऱ्हाड हिंगोलीहून त्याच गाडीने आलं. मामू तेव्हा जेद्द्याहून रजेवर आले होते आणि सोबत हाय डेफिनिशन कॅमेरा आणला होता. मर्दान्यातलं चित्रण त्यांनी केलं. जनान्यात बाहेरचा फोटोग्राफर नको, म्हणून तिथे कॅमेरा खालांच्या हाती दिला. बटण चालू आहे हे न कळल्याने खालांनी पहिली काही मिनिटं दाराजवळच्या चपलाच टिपल्या. पण मेहंदी, हळद, रुख्सतीच्या वेळचं अम्मीचं आणि दादीचं रडणं, सगळं त्यांच्यामुळेच राहिलं.

पुढची चूक आमची. कॅमेऱ्यातलं चित्रण आम्ही एका स्टुडिओत देऊन डीव्हीडी करून घेतली. जनान्याचा भाग तीन आठवडे कुणा अनोळखी माणसाच्या संगणकात पडून राहिला, याचा विचार तेव्हा घरात कुणाच्या मनातही आला नाही. डीव्हीडी आली तेव्हा सगळे खूश होते. घरातला टीव्ही लहान होता, त्यावर ती छान दिसायची.

अब्बा आता नाहीत. गेल्या वर्षी मोठा टीव्ही घेतला आणि अम्मीने ती डीव्हीडी लावायला सांगितली. रुख्सतीच्या वेळी अब्बांनी केलेली दुआ तिला पाहायची होती. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, “आवाज येतोय गं, पण ओठ हलताना दिसत नाहीत.” शिवाय दुआच्या मधोमध चित्र एक झटका खायचं आणि अर्धं वाक्य गायब व्हायचं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की तिथे मामूंचाच हात हलला असेल.

सुदैवाने मामूंनी जाताना तो कॅमेरा खालांकडेच ठेवला होता. त्याच्या पोटातच हार्ड डिस्क आहे आणि त्यातलं कुणी काही पुसलं नव्हतं. बॅटरी मेली होती, पण चार्जरवर कॅमेरा सुरू झाला. त्यानंतरच्या महिन्याभरात जे शिकले ते इथे लिहिते, कारण असे कॅमेरे परदेशातून आपल्या कितीतरी घरांत आले आणि आज कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत.

आधी ओठांचं. डीव्हीडीवरच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. पूर्ण हाय डेफिनिशनमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. स्टुडिओत पाचातले चार ठिपके गेले, वर तासन्‌तासांचं चित्रण एकाच डीव्हीडीत बसवायला ते आणखी दाबलं गेलं. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये घरगुती कॅमेऱ्यांसाठी एव्हीसीएचडी नावाची पद्धत काढली, आमचा कॅमेरा त्याच पद्धतीचा. त्यातल्या फाइली ब्लू-रे डिस्कला जवळजवळ आहे तशाच चालतात. त्या पुन्हा दाबायची, बदलायची गरजच नसते. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला.

मग त्या झटक्याचं. असे बरेच कॅमेरे लांब चित्रण सलग ठेवत नाहीत, साधारण २ जीबी झाले की नवीन फाइल सुरू करतात. आमच्या कॅमेऱ्याच्या दर्जाला, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट, ही वेळ पंधरा-सोळा मिनिटांनी येते. वहीचं पान संपलं म्हणून वाक्य मध्येच तुटावं तसं ते तुटतं. हे तुकडे एकेक करून वेगळे बदलले आणि मग शेजारी ठेवले, तर सांध्यावरचं थोडं चित्र आणि आवाज गळून पडतो. अब्बांची दुआ नेमकी त्या सांध्यावर होती. उपाय एवढाच की आधी तुकडे जोडायचे, बाकी सगळं नंतर.

म्हणून कॅमेरा संगणकाला जोडल्यावर नुसत्या एमटीएस फाइली उचलू नका. एव्हीसीएचडी नावाचा फोल्डर आहे तसा, आतल्या लहानसहान फाइलींसकट उतरवा, कारण कोणता तुकडा कोणाच्या मागे येतो याची नोंद त्यात असते. या फोल्डरची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिला हात लावू नका. माझ्या मते खरं लग्न म्हणजे तो फोल्डर. डिस्क ही बघण्यासाठी.

जोडण्यासाठी मी टीएसमक्सर नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं. पहिली फाइल उघडायची, पुढच्या तिला जोडायच्या, ‘ब्लू-रे’ निवडायचं. ते चित्राला धक्का न लावता डिस्कसाठीचा फोल्डर तयार करतं. सुंदर मेन्यू वगैरे मिळत नाही, ठरावीक मिनिटांनी चॅप्टर मिळतात. अम्मीला तेवढं पुरतं. मग तो फोल्डर इमगबर्नने डिस्कवर लिहायचा, यूडीएफ २.५० हा पर्याय निवडून. आमचं सगळं चित्रण २ तास ४० मिनिटांचं, म्हणजे साधारण २० जीबी. २५ जीबीच्या एका ब्लू-रे डिस्कवर ते आरामात बसलं. (संगणक त्या डिस्कवर २३.३ जीबीच दाखवतो. दुकानदाराशी भांडू नका, मोजायची रीत वेगळी आहे.)

ब्लू-रे लिहिणारा ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, यूएसबीवर चालणारे मिळतात. नेहमीच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ही डिस्क लागणार नाही, त्याचा लाल लेझर हे बारीक लिखाण वाचू शकत नाही. ब्लू-रे प्लेअर हवा, किंवा मुलांकडे प्लेस्टेशन ३ असेल तर तेही चालतं. चित्रण अर्ध्या तासाचंच असेल तर ते साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवरही हाय डेफिनिशनमध्ये बसवता येतं. मात्र तीही ब्लू-रे प्लेअरवरच लागते, आणि प्रत्येक प्लेअर ती घेईलच असं नाही.

पहिली डिस्क वीज गेल्याने वाया गेली. चाळीस मिनिटांचं काम, त्यात अडतिसाव्या मिनिटाला लाइट गेली. ड्राइव्हलाही वेगळी वीज लागणार नाही असा बघा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसा. डिस्क घेताना वेष्टनावर ‘एलटीएच’ लिहिलेल्या टाळा, त्यांचा थर सेंद्रिय रंगाचा असतो आणि तो कमी टिकाऊ मानला जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पेटीत तर कोणतीच डिस्क ठेवू नका. आणि फार वेळही लावू नका. सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट बनवणं २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. इतर कंपन्यांच्या डिस्क मिळतात, पण दुकानदार आता कपाट शोधून काढून देतो.

अम्मीच्या निकाहची जुनी व्हीएचएस कॅसेट असेल तर तिचं काय, असं शेजारच्या भाभींनी विचारलं. तिच्यात मुळातच तेवढे ठिपके नाहीत, ब्लू-रेवर टाकून ओठ दिसणार नाहीत. पण अशा कितीतरी कॅसेटी एका डिस्कवर राहतील.

भाऊ म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, पेनड्राइव्हवर टाक, टीव्हीला लाव. खरं आहे, आमच्या टीव्हीला तेही चालतं. पण पेनड्राइव्ह आज इथे, उद्या कुणाच्या खिशात, परवा त्यातला मेहंदीचा तुकडा कुणाच्या व्हॉट्सॲपवर. डिस्क कपाटात राहते आणि अशी सहजासहजी फॉरवर्ड होत नाही. कुणाला काय वाटेल ते वाटो, माझ्यासाठी हेच कारण सगळ्यात मोठं होतं.

म्हणून दोन डिस्क केल्या. एक मर्दान्याची, ती कुणालाही द्यावी. दुसरी जनान्याची, फक्त घरच्या बायकांसाठी. रेकॉर्डिंगचं बटण जितक्या वेळा दाबलं तितकी वेगळी चित्रणं असतात, त्यामुळे नको तो भाग सोडून देणं सोपं असतं. मेहंदीत गाणाऱ्या तेव्हाच्या मुली आता आपापल्या सासरी आहेत. प्रत द्यायच्या आधी प्रत्येकीला फोन केला. दोघींनी “आमचं काढून टाक” म्हटलं, काढलं. एक हसत म्हणाली, “माझं नाचणं ठेव, पण माझ्या सुनेला दाखवू नकोस.”

अम्मीने डिस्क पाहिली त्या दिवशी दुआच्या सांध्यावर मीच श्वास रोखून बसले होते. झटका आला नाही. अब्बा तिथे थांबतात, खाकरतात, आपाच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. अम्मीने रिमोट मागून घेतला आणि तेवढंच मागे नेऊन पुन्हा लावलं.

हिंगोलीला आपाकडे जायची प्रत अजून माझ्याकडेच आहे. एका मामेबहिणीचा होकार यायचा राहिला आहे.