जेवलास काय?

मे सरत आला की लांज्याच्या वाड्यांत पिकल्या फणसाचा घमघमाट सुटतो. कापा सरस की बरका यावर वाद रंगतात, पडवीत फणसपोळ्या वाळतात, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना आग्रह करकरून वाढलं जातं. याच दिवसांत, २४ मेला, जागतिक स्किझोफ्रेनिया दिन येतो. हा आजार ज्या घरात वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे, तिथे ताट हाच रोजचा पेच असतो.

आजार उसळला की 'जेवणात काहीतरी घातलंय' हा संशय मनात ठाण मांडतो. समोर ठेवलेली पेज गार होते, माणूस तिला शिवत नाही. मग घरचे नाइलाजाने गोळी चुरून आमटीत मिसळतात. एखाद्या दिवशी जिभेला कडवट लागतं आणि संशय खराच निघतो! औषध तर सुटतंच, आईच्या हातच्या घासावरचा विश्वासही जातो.

उपचार लागू पडले की पेच उलटा होतो. ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं भास-भ्रम आवरतात, पण मेंदूतलं भूक आणि तृप्तीचं गणितही बिघडवतात. पोट भरल्याचं कळत नाही. रात्री दोनला फडताळातल्या डब्याचं झाकण वाजतं. 'खा खा सुटलीय, हावरट झालाय,' असं घर म्हणतं. दुष्परिणामाला आपण स्वभावाचा दोष ठरवतो. डब्याला कुलूप लागलं की माणूस चोरून खातो, नाही तर वजनाला कंटाळून गोळीच बंद करतो आणि आजार पुन्हा दाराशी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, या रुग्णांना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो आणि त्यामागे बरेचदा हृदयविकार, मधुमेह असे शरीराचेच आजार असतात. रत्नागिरीत मनोरुग्णालय आलं ते १८८६ साली. एवढ्या काळात रुग्णाच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायला आपण शिकलो. त्याच्या कमरेला टेप लावायला मात्र अजून विसरतो.

औषध सुरू करताना आणि पुढेही ठरावीक काळाने वजन, कमरेचा घेर, रक्तातली साखर तपासली गेलीच पाहिजे. भूक आवरेना तर डॉक्टर गोळी बदलू शकतात, मेटफॉर्मिनची जोड देऊ शकतात. परस्पर गोळी थांबवणं घातक. अडल्या वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. घराने गोळी लपवून देऊ नये, हातावर ठेवावी. सगळ्यांना एकाच पातेल्यातून, त्याच्यादेखत वाढावं.

'जेवलास काय?' हे आपण वाटेवर भेटलेल्यालाही सहज विचारतो. तपासणीच्या खोलीत गोळ्यांची चौकशी झाल्यावर डॉक्टरांनीही तेच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या रुग्णाला हाक मारू नये.