टपालानं आलेली तपासणी

अमेरिकेत विमा कंपनीकडून घरी येणारं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं किट कित्येकदा जाहिरातींच्या कागदांबरोबर कचऱ्यात जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या किटमधली ‘फिट’ ही चाचणी शौचातलं, डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. पथ्य नाही, जुलाबाचं औषध नाही. काडीनं नमुना घ्यायचा, काडी बाटलीत खोचून झाकण घट्ट लावायचं आणि लेबलवर नमुना घेतल्याची तारीख घालायची. ही तारीख राहिली तर प्रयोगशाळा नमुना बाद करू शकते. अमेरिकेत २०२१ पासून वयाच्या ४५ व्या वर्षीच तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे, आणि ‘फिट’ दरवर्षी करायची असते. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी, विशेषतः मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी, यात संकोच करू नये. रक्त आढळलं म्हणजे कर्करोगच असं नव्हे. पण ‘मूळव्याध असेल’ म्हणून त्यानंतरची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, पुढे ढकलणं मात्र घातक. २०२३ पासून मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना ही पुढची कोलोनोस्कोपीसुद्धा प्रतिबंधक तपासणीचाच भाग मानते.