वदंता आणि वखार

दिनांक ११ नोव्हेंबर २०१६. पाचशे व हजार रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्याची घोषणा होऊन तीनच दिवस लोटले होते. त्या सायंकाळी उत्तर प्रदेशातील काही नगरांत मीठ संपत आल्याची आवई उठली आणि रात्र होईपर्यंत ती दिल्लीसह अन्य राज्यांतही पोहोचली. किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. एरवी वीस रुपयांच्या आसपास मिळणारी मिठाची पिशवी काही ठिकाणी दोनशे रुपयांपर्यंत विकली गेली. कानपुरात अशाच एका गर्दीत एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले. तत्कालीन केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान आणि उत्तर प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री अखिलेश यादव हे राजकारणात परस्परांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते. परंतु मिठाचा तुटवडा नाही, हे एकच वाक्य दोघांनाही उच्चारावे लागले.

तुटवडा खरोखरच नव्हता. मीठ उत्पादनात चीन व अमेरिका यांच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो. देशात दरवर्षी दोन कोटी टनांहून अधिक मीठ पिकते आणि त्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा एकट्या गुजरातचा असतो. खाण्यासाठी लागणारे मीठ या एकूण उत्पादनाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. मीठ नासत नाही, त्याला कीड लागत नाही. अशा वस्तूची टंचाई मिठागरात झाली नाही, रेल्वेच्या वाघिणीत झाली नाही, वखारीतही झाली नाही. ती केवळ दुकानाच्या फळीवर झाली. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार नेहमीच्या खपाच्या अंदाजाने काही दिवसांचाच माल भरून ठेवतो. आळीतील प्रत्येक घराने एकाच सायंकाळी तीन महिन्यांचे मीठ नेले, तर फळी रिकामी होणारच. आणि रिकाम्या फळीचे छायाचित्र मोबाईलवर फिरू लागले, की काल जी कंडी होती तिला आज पुरावा मिळतो. वदंता स्वतःलाच खरी करून दाखवते, ती अशी.

वदंता काही नवीन नाही. युद्धाच्या, दुष्काळाच्या काळात धान्याविषयी कंड्या पिकतच आल्या आहेत. परंतु पूर्वी वार्ता आणि माल यांच्या वेगात फारसे अंतर नसे. मालगाडीबरोबर जाणारा गार्ड, ट्रकबरोबर जाणारा क्लीनर, आडत्याचा मुनीम हेच वार्ताहर असत. बातमी गावात पोहोचेपर्यंत बहुधा मालही पोहोचलेला असे. आज बातमी क्षणात हजार किलोमीटर जाते. ट्रकला मात्र तेच अंतर कापण्यास पूर्वीपेक्षा थोडाच कमी वेळ लागतो. या दोन वेगांतील दरीचा विचार आपल्या वितरण व्यवस्थेने अद्याप पुरेसा केलेला नाही.

माहिती तंत्रज्ञानाने मालवाहतुकीत काहीच साधले नाही, असे कोणी म्हणणार नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासणी नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस संगणकीकृत ई-वे बिल अनिवार्य झाले. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासूनच प्रत्येक कंटेनरला रेडिओलहरींवर ओळख सांगणारी पट्टी लावून त्याचा माग ठेवला जाऊ लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मालवाहतूक धोरणाने निरनिराळ्या खात्यांची ही माहिती एका ठिकाणी जोडण्याचा संकल्प केला. हे सारे स्वागतार्हच आहे. कोणता कंटेनर कोठे आहे, कोणता ट्रक कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेला, हे आज जाणता येते.

पण कोणाला? शासनाला, कंपनीला, मोठ्या व्यापाऱ्याला. मिठाच्या रांगेत उभ्या असलेल्या गृहिणीला यातील एक अक्षरही कळत नाही. पुरवठ्याच्या साखळीच्या आत माहितीचा महापूर आणि बाहेर ठणठणाट, अशी ही स्थिती आहे. ही पोकळी कोणी ना कोणी भरणारच, आणि ती भरण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

साखळीच्या आतील माहितीही किती नाजूक असते, हे २७ जून २०१७ रोजी साऱ्या जगाला दिसले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या संगणक प्रणालीच्या मार्गाने पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक विषाणूने डेन्मार्कच्या मर्स्क या अवाढव्य जहाज कंपनीचे संगणक काही तासांत निकामी केले. अमेरिका व ब्रिटन यांनी पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्याचे खापर रशियाच्या लष्करावर फोडले. लक्ष्य युक्रेन होते, पण झळ थेट उरणपर्यंत आली. न्हावाशेवा बंदरातील ज्या टर्मिनलचे व्यवस्थापन याच समूहाकडे होते, तेथील काम ठप्प झाले. धक्का जागेवर होता, क्रेन उभ्या होत्या, माणसेही होती. परंतु कोणता कंटेनर कोणाचा आणि कोणत्या थरात ठेवला आहे, हे सांगणारी यंत्रणा मुकी झाली होती. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे हे जाहीरपणे सांगितले.

या प्रसंगातील एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. अधिकृत यंत्रणा कोसळल्यावर कंपनीचे कर्मचारी आणि ग्राहक यांनी खासगी ई-मेल आणि व्हॉट्सॲप यांवरून संपर्क साधून कामाचा गाडा पुढे ढकलला. म्हणजे ज्या माध्यमाने आदल्या वर्षी मिठाची फळी रिकामी केली, त्याच माध्यमाने येथे जहाजे हलती ठेवण्यास हातभार लावला. भेद यंत्रात नव्हता. येथे निरोप धाडणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. चुकीच्या निरोपाबद्दल दुसऱ्या दिवशी जाब विचारता येत होता. मिठाच्या निरोपाला बाप नव्हता.

बाप नसलेल्या निरोपाने काय होते, याचा सर्वांत कटू अनुभव महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने २०२० मध्ये घेतला. त्या वर्षी फेब्रुवारीपासून, देशात कोरोनाचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतानाच, कोंबडीच्या मांसातून हा रोग पसरतो अशा आशयाचे संदेश आणि बनावट चित्रे घरोघर पोहोचली. केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने फेब्रुवारीतच याचे खंडन केले. हैदराबादेत तर तेलंगणच्या मंत्र्यांनी जाहीर व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखविली. उपयोग झाला नाही. (कोंबडी खावी की न खावी हा ज्याच्या त्याच्या आहाराचा प्रश्न आहे. येथे प्रश्न असत्याचा आणि त्याने बुडालेल्या संसारांचा आहे.)

कुक्कुटपालनाचे गणित ज्यांना ठाऊक नाही, त्यांना या आघाताची खोली कळणार नाही. मिठाचे पोते वखारीत वर्षभर पडून राहिले तरी काही मागत नाही. मांसल कोंबडी सुमारे चाळीस दिवसांत विक्रीयोग्य होते आणि त्यानंतर शेडमध्ये राहणारा प्रत्येक दिवस तोट्याचा असतो. ती दररोज दीडशे ग्रॅमहून अधिक खाद्य खाते, वजन मात्र त्या मानाने वाढत नाही, उन्हाळा तोंडावर असल्यास मरतूकही वाढते. पाच हजार पक्ष्यांची शेड असलेल्या माणसाला ग्राहक थांबला म्हणून पुरवठा थांबविता येत नाही. किलोमागे सत्तर-पंचाहत्तर रुपये उत्पादनखर्च असलेल्या जिवंत कोंबडीला मार्चमध्ये अनेक ठिकाणी शेतावर दहा-पंधरा रुपयेही मिळेनात. बेळगाव जिल्ह्यात एका व्यावसायिकाने आपल्या हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले, आणि गंमत अशी, की तेही त्याच मोबाईलवरून फिरले.

हानी येथेच थांबली नाही. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका आणि त्याखालोखाल सोयापेंड असते. पक्षी घटले की खाद्याचे कारखाने मंदावतात, कारखाने मंदावले की मक्याचा भाव पडतो. ज्या मराठवाड्यातील वा खानदेशातील शेतकऱ्याने आयुष्यात शेड बांधली नाही, त्याच्याही मक्याला त्या खोट्या संदेशाची किंमत मोजावी लागली. करार पद्धतीने पक्षी वाढविणाऱ्यांचे दुःख वेगळे होते. पिल्ले व खाद्य कंपनीचे असल्याने भावातील तोटा प्रथम कंपनीच्या अंगावर गेला. पण पुढची तुकडी आली नाही, शेड रिकामी राहिली, आणि शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र रिकामा राहिला नाही. उबवणीगृहांनीही अंडी यंत्रात लावणे कमी केले. अंड्यातून पिल्लू निघण्यास एकवीस दिवस आणि ते वाढण्यास चाळीस दिवस, असा दोन महिन्यांचा हिशेब आहे. मार्चमध्ये जी अंडी लावली गेली नाहीत, त्यांच्या कोंबड्या मे महिन्यात बाजारात असणार कोठून? वदंता ओसरून मागणी परतली तेव्हा माल नव्हता आणि भाव भडकले. फेब्रुवारीत ज्याने संदेश पुढे ढकलला, त्यानेच मे महिन्यात महागाईबद्दल शासनाला दूषणे दिली असतील, तर नवल नाही.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हेच नाट्य पेट्रोल पंपांवर घडले. भारतीय न्यायसंहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या उपधारेत, अपघातात माणूस दगावला असता खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. चालकांचा रोष समजण्यासारखा होता. जमावाच्या भीतीने चालक पळतो हे वास्तव आहे. मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन साठ्यांतून टँकर निघेनासे झाले, हेही खरे. परंतु पंपांवरील भूमिगत टाक्या त्यामुळे तासाभरात आटल्या नव्हत्या. त्या आटवल्या नागरिकांनी. ज्याची टाकी अर्धी भरलेली होती, तोही रांगेत उभा राहिला. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांची संघटना यांची बैठक होऊन, चर्चेविना ही तरतूद लागू करणार नाही असे आश्वासन मिळाले. १ जुलै २०२४ रोजी नवे कायदे अंमलात आले तेव्हा ती उपधारा वगळण्यात आली. वाद मिटला, पण मधल्या दोन दिवसांत नागपूरपासून मुंबईपर्यंत जे झाले ते चालकांच्या आंदोलनाने जेवढे, तेवढेच आपल्या भीतीने झाले.

अशा प्रसंगी शासनाचा हात प्रथम इंटरनेट बंद करण्याकडे वळतो. दंगलीच्या वेळी त्याची गरज भासत असेल. पुरवठ्याच्या बाबतीत तो उपाय रोगाहून घातक आहे. आज ट्रकचालकाला भाडे मोबाईलवर कळते, ई-वे बिल मोबाईलवर निघते, भाजीवाला पैसे मोबाईलवर घेतो. जाळे तोडले की वदंतेबरोबर मालही थांबतो. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. यामुळे वेग मंदावला असेल, परंतु या कळा परकीय कंपनीच्या हाती आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्या गावच्या किराण्याची शांतता कोणा दूरदेशीच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोपवून देश निर्धास्त राहू शकत नाही.

शासकीय खंडन निष्प्रभ का ठरते, याचाही विचार व्हावा. ‘साठा पुरेसा आहे, नागरिकांनी घाबरू नये’ हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या मोघमपणे उच्चारले गेले आहे, की ते ऐकताच नागरिक पिशवी शोधू लागतो. वदंता मात्र नेमकी असते. ती अमुक चौकातील तमुक दुकानाचे नाव घेऊन येते, सोबत छायाचित्र आणते. नेमक्या असत्याला मोघम सत्य पुरे पडत नाही. तालुक्याच्या वखारीत आज किती पोती आहेत, उद्या किती येणार, पंपावर टँकर किती वाजता पोहोचणार, हे तहसीलदाराने स्वतःच्या नावानिशी, वेळ घालून सांगितले तर रांग विरळ होऊ शकते. ही माहिती संगणकात आहेच. ती केवळ आतून बाहेर यावयाची आहे. साठेबाजाला तिचा लाभ होईल, हा आक्षेप घेतला जातो. परंतु मोठ्या साठेबाजाला ती आजही ठाऊक असते. अंधारात असतो तो सामान्य ग्राहक आणि शेतकरी.

घराघरांतही याचा दुसरा भाग आहे. बहुतेक खोटे संदेश शत्रूकडून येत नाहीत. ते मामाकडून, शेजारच्या काकूंकडून, निवृत्त शिक्षकांकडून, अत्यंत सद्भावनेने येतात. म्हणूनच ते खरे मानले जातात. समाजात वावरणाऱ्या कार्यकर्त्याला येथे एक साधे काम आहे. संदेश मिळताच तो पुढे धाडण्याऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जावे, मालकाला विचारावे आणि तेथे जे दिसले ते आपल्या नावाने गटावर लिहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

शिधावाटप दुकानात शिल्लक साठा आणि दर यांचा फलक लावण्याचा नियम संगणकाच्या युगापूर्वीपासूनचा आहे. बहुतेक दुकानांत तो काळा फलक आजही भिंतीवर टांगलेला दिसतो. त्यावर खडूने लिहिलेली तारीख मात्र क्वचितच आजची असते.