सुटा भाग कोणाचा, हे पावतीवर लिहा

मोटारसायकल दुरुस्तीच्या आणि सुट्या भागांच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. महागड्या गाड्यांचे हौशी लोक एकत्र बसले की दोन प्रश्न हटकून निघतात. शाफ्टमुळे गाडीचा जोर कमी होतो काय? आणि कंपनीबाहेरचे इंजिनचे भाग बसवावेत काय? आम्ही कापडाचे व्यापारी. परंतु दुसरा प्रश्न यंत्राचा कमी आणि व्यापाराचा जास्त आहे, म्हणून हे चार शब्द.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. बी.एम.डब्ल्यू.ने १९२३ साली आपली पहिली मोटारसायकल, आर-३२, शाफ्टवरच काढली. शाफ्ट बंद नळीत फिरतो, त्याचे गिअर तेलात असतात. धूळ-चिखल लागत नाही, चेनसारखे वारंवार तेल-ताण पाहावे लागत नाही. मात्र वजन व किंमत वाढते आणि थोडा जोर गिअरमध्ये खर्ची पडतो. म्हणून लांब पल्ल्याच्या जड गाडीला शाफ्ट शोभतो, रोजच्या १०० सी.सी. गाडीला चेनच परवडते.

गाडी कोणतीही असो, जोर वाढवून देतो म्हणून मोठा पिस्टन-सिलिंडर विकणारे भेटतातच. पिस्टन मोठा केला की सी.सी. वाढते, उष्णता वाढते, क्लच व गिअरवर भार येतो. शिवाय सी.सी.ची नोंद आर.सी. बुकात असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे या नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. विकणारा पैसे मोजून मोकळा होतो, अडकतो तो गाडीमालक. हे त्याला आधी सांगणे दुकानदाराचे काम नाही काय?

कंपनीबाहेरचा प्रत्येक भाग नकली नसतो. यंत्रमागाचे कितीतरी भाग गावातल्या लेथवर तयार होतात, आणि ते कोणी केले हे सर्वांना ठाऊक असते. तो हलाल धंदा आहे. दुसऱ्याच्या नावाच्या डब्यात आपला माल भरणे ही मात्र फसवणूक आहे. ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार असा माल विकणाऱ्यालाही ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नकली रिंगने इंजिन जाते. नकली ब्रेक शूने जीव जातो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ऐब दाखवून विकणे हाच आपला दस्तूर आहे.

काही बांधव म्हणतात, खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. एखादे जाईलही. पण सुती म्हणून विकलेले टेरीकॉट पहिल्याच उन्हाळ्यात ओळखू येते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

तेव्हा बांधवांनो, भाग कोणी बनविला, किंमत किती, हमी किती दिवसांची, हे पावतीवर लिहा. काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्या. कंपनीचा भाग आणि बाहेरचा भाग शेजारी ठेवून भाव सांगा, आणि निवड त्याच्यावर सोडा. बरकत अशाच सौद्यात असते.