जेवणानंतरचे दोन चमचे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आणि भांडण घरच्यांशीच आहे, तेव्हा काका-काकू, आधीच सांगते, रागावू नका.

आमच्या वर्धेकडे हल्ली कुणाकडेही जेवायला जा, लोणच्याच्या बरणीशेजारी पाचक सिरपची बाटली दिसतेच. जेवण झालं की दोन चमचे. लग्नाला निघताना पिशवीत आधी ती बाटली, मग आहेराचं पाकीट! दुखण्यात घ्यायचं औषध बडीशेपेच्या जागी कधी येऊन बसलं, कुणाला कळलंच नाही.

आता बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकींत मुख्य गोष्टी दोनच, फंगल डायस्टेज आणि पेप्सिन. डायस्टेज म्हणजे बुरशीपासून काढलेलं, स्टार्च फोडणारं एन्झाइम. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे चीज जुनीच आहे. पण भाकरी, पोळी, भात यांतला स्टार्च फोडायला शरीरात अमायलेज असतंच. थोडं लाळेत, आणि खरं काम करणारं स्वादुपिंडाच्या रसात. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस तयार करतं. त्यात दोन चमच्यांची भर कशाला?

"पण मग गॅस होतो त्याचं काय?" असं काकू विचारणारच. गॅस कशाचा होतो ते बघा की! पुरणातली, गोळाभातातली हरभऱ्याची डाळ घ्या. तिच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. दूध सोसत नाही त्याला लॅक्टेज कमी पडतं. डायस्टेज यांतल्या कशालाच हात लावत नाही. त्यापेक्षा कडधान्य भिजवून पाणी फेकणं, मोड आणणं, दुधाऐवजी दही-ताक घेणं, हे आपल्या आज्यांचे उपाय नेमके त्या जागी काम करतात.

पेप्सिनची तर और तऱ्हा. ते आम्लातच चालतं. आपण सकाळी आम्ल कमी करायची गोळी घेतो आणि दुपारी पेप्सिन पितो! चूल विझवायची आणि वर पातेलं चढवायचं, त्यातला प्रकार.

इथवर हसण्यावारी नेलं. पुढचं तसं नाही. मधुमेहाच्या काही रुग्णांना डॉक्टर ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज देतात. जेवणानंतर साखर एकदम चढू नये म्हणून ही गोळी कर्बोदकं फोडणाऱ्या एन्झाइमांना मुद्दाम अडवते. त्यामुळे गॅस होतो, तो ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. आणि त्या गॅसवर उपाय म्हणून आपली माणसं डायस्टेजचं सिरप पितात! ॲकार्बोजच्या माहितीपत्रकात अशी एन्झाइमं सोबत घेऊ नका, गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, अशी सूचना असते. शिवाय कितीतरी सिरपांत साखर असते ती वेगळीच. गोळी मनानं बंद करू नका, पण पुढच्या वेळी ती बाटलीही डॉक्टरांपुढे ठेवा.

खरं तर हा विषय आपल्या जिल्ह्यात शिळा आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. तिथून कुमारप्पा आणि गांधीजी हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचं पीठ खा म्हणून गावोगाव सांगत होते. पुढे १९४२ साली आगाखान पॅलेसात स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलं की स्टार्चचं पचन तोंडातच सुरू होतं, म्हणून पोळी-भाकरी शक्यतो कोरडी, नीट चावून खावी. त्यांचे आहारातले सगळेच प्रयोग मला पटत नाहीत, पण हे पटतं. भाकरीचा कोर चावत राहा, गोड लागू लागतो. ते तुमच्याच अमायलेजचं काम. आणि आपण? टीव्हीपुढे वरणात कालवून दहा मिनिटांत ताट साफ.

एन्झाइम खरोखर लागणारी माणसं आहेत, हेही सांगायला हवं. स्वादुपिंडाचा जुना आजार असेल तर डॉक्टर पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल देतात. त्यात चरबी फोडणारं लायपेजही असतं. त्यांचं काम या सिरपानं भागत नाही. म्हणून वजन घटतंय, शौच तेलकट होतंय, शौचातून रक्त जातंय, घास अडकतोय, असं काही असेल तर बाटलीत महिने घालवू नका. मला खरी भीती त्या महिन्यांचीच आहे.

असो. काकू, बाटली लगेच फेकू नका हवं तर. आज रात्री जेवायला दहा मिनिटं जास्त द्या आणि लेबल एकदा वाचा. मग भांडायला या, मी आहेच.