हाताची कला, पण हात कुणाचे?

सातारा-सांगलीकडे जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली किंवा कुणी हौसेने सागवानी खांब-तुळयांचे घर बांधायला काढले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "मशीन नको, सगळे हाताने करा. हाताच्या कामाची सर मशीनला नाही." ऐकायला गोड वाक्य आहे. पण हे बोलणारा स्वतः करवत ओढत नसतो.

हाताचे काम म्हणजे काय? ओंडका चिरायचा तर एक माणूस वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत-नाकात दिवसभर भुसा. तुळईत कुसू बसवायचे भोक पाडायला गिरमिट किंवा हाताने फिरवायचे ड्रिल, मग पटाशी आणि हातोडा. या अवजारांचे गुण आहेतच. वीज लागत नाही, भांडवल कमी लागते, जुन्या लाकडात हात अंदाज घेत थांबतो. शेवटच्या जुळणीला आणि कोरीव कामाला पटाशीच हवी. पण चिरकाम आणि भोके पाडण्यात माणसाचा देह झिजवणे याला संस्कृती म्हणणे आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९४५ साली 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिकित्सा केली. त्यांच्या मांडणीचे सार असे : यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

आपल्याच सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेला. तेव्हा लाकडी नांगरासाठी शेतकरी रडत बसला नाही. मग खांब-तुळयांच्या बाबतीतच हाताच्या घामाचे एवढे कौतुक का? कारण घाम दुसऱ्याचा आहे!

पण मित्रांनो, मशीन आले म्हणजे जात गेली असेही नाही. मशीन मालकाचे, मिस्त्री त्याच्या नात्यातला आणि ओंडके उचलायला आपला पोरगा, असे असेल तर वीज येऊनही बलुतेदारीच चालू राहते. शिवाय मशीनचा धोकाही त्याच्याच वाट्याला. पात्याला संरक्षक जाळी नाही, तोंडाला मास्क नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केले आहे.

आता सरकारकडे पाहा. १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना सुरू आहे. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. जातीची अट नाही, पण भाषा 'कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाची' आहे. बापाचा धंदा मुलाने करावा हीच तर वर्णव्यवस्था! याच मुद्द्यावर तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ही योजना राबवायला नकार दिला. टीका आपणही करू. पण जातीची अट नसताना, सुतारकामावर स्वतंत्रपणे पोट भरणाऱ्या आपल्या तरुणाने अर्ज न करणे हा शहाणपणा नव्हे.

सुतार बांधव आपला शत्रू नाही. बलुत्याच्या पेंढीसाठी तोही शेतकऱ्याच्या खळ्यावर उभा राहत होता. भांडण कामाची वाटणी जन्मावर ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. आयटीआयच्या सुतारकाम वर्गात आपली मुले, त्यांच्या नावावर मशीन, मशीनला जाळी, कामाचे आठ तास आणि उरलेला वेळ वाचनालयासाठी. पटाशी चालवायची की ड्रिल, हे काम करणाराच ठरवेल. वाड्याच्या ओसरीवर बसलेल्याने ते सांगू नये.

जय भीम!