टाकीत उतरलेली माणसं कशाने मेली? दहावीच्या पोरांना विचारा!

मे २०२३. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथे, संडासाची टाकी साफ करायला गेलेले पाच मजूर मेले. अशी बातमी दर काही दिवसांनी कुठून ना कुठून येतेच, आणि तिच्यात एक शब्द ठरलेला असतो : ‘गुदमरून’. आमचं भांडण या शब्दाशी आहे.

अकोल्यातल्या आमच्या वस्तीत अभ्यासिका चालते. तिथल्या दहावीच्या मुलांना पेशीश्वसन तोंडपाठ होतं. ग्लायकोलिसिस, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी, ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी, सगळं धडाधड सांगत होती. “हे कशाला लागतं?” असं विचारलं तर उत्तर आलं, “दोन मार्काला.” मग आम्ही पुस्तक मिटायला लावलं आणि फळ्यावर एक गूढ मांडलं.

माणूस टाकीत उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. अंगावर घाव नाही, गळा दाबल्याची खूण नाही. खिशातली नाणी मात्र काळी पडलेली. रक्तात लॅक्टिक आम्ल वाढलेलं, तपासणीत थायोसल्फेट सापडलेलं. मारेकरी कोण?

“ऑक्सिजन संपला,” मुलं म्हणाली. अर्धं बरोबर, टाकीत तो कमी असतोच. पण मग नाणी कशाने काळी पडली? एका मुलीला आठवलं, चांदी गंधकाने काळी पडते. तिथून धागा हाती आला. हवा नसलेल्या टाकीत जिवाणूही श्वसन करतात, पण ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू हवेपेक्षा जड असतो, आणि गाळ ढवळला की भसकन बाहेर पडतो.

तो रक्तातून पेशीत जातो आणि तंतुकणिकेतल्या साखळीचं शेवटचं विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेज, जखडून टाकतो. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करणं हे त्या विकराचं काम. ते थांबलं की मागची साखळी तुंबते, एटीपी आटतं. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. ती नुसत्या ग्लायकोलिसिसवर तग धरू बघते, म्हणून लॅक्टिक आम्ल वाढतं. मेंदू आणि हृदय सगळ्यात आधी हात टेकतात. ज्या मुलांना साखळी नुसती पाठ होती, त्यांना ती त्या दिवशी कळली.

१९८२ साली शिकागो परिसरात डोकेदुखीच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं मेली. सायनाइडही हेच विकर जखडतं. त्या गूढावरून अमेरिकेत हा धडा शिकवतात. शिकवोत बापडे. तिथला मारेकरी कधी सापडला नाही. आमच्याकडे मारेकरी शोधावाच लागत नाही, कारण टाकीत उतरायला कुणी सांगितलं हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणूनच ‘गुदमरून’ हा शब्द सोयीचा आहे. गुदमरणं म्हणजे नशीब, आकस्मिक मृत्यू. पण वायूचं नाव घेतलं की प्रश्न उभे राहतात. तो मोजायचं यंत्र मिळतं, मग मोजला का नाही? टाकी यंत्राने उपसता येते, मग माणूस का उतरवला? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात, टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद. गोवंडीत २०१९ साली मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाखांचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही भरपाई तीस लाख केली. रक्कम वाढली, पण माणसं उतरवणं थांबलं नाही.

काही शिक्षकमित्र म्हणतात, विज्ञानाच्या तासाला जात कशाला आणता? आम्ही आणत नाही, ती पुराव्यातच असते. केंद्र सरकारने २०२४ पर्यंत केलेल्या नोंदणीत गटार आणि टाकी सफाई कामगारांपैकी सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. वायूला जात कळत नाही. उतरवणाऱ्याला बरोबर कळते. हे काम माणूस निवडत नाही, ते त्याच्यावर लादलं जातं, असं बाबासाहेबांनी ठणकावून सांगितलं होतं. ते वगळून शिकवलेलं विज्ञान अपुरा तपास आहे.

वऱ्हाडात असे धडे आणखी आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. फवारणीच्या औषधांपैकी काही मज्जातंतूंवर घाला घालतात, तर डायफेन्थियुरॉनसारखं औषध किडीच्या तंतुकणिकेवरच. पंप पाठीवर घेणाऱ्या घरातल्या पोराला हा फरक शाळेत कळायला नको का?

तास संपताना मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. “माहे बाबा म्हनतात, वास गेला की उतराचं.” वर्ग एकदम गप्प झाला. त्याला आम्ही जे सांगितलं ते इथेही लिहितो. हा वायू जास्त झाला की आधी नाकच मारतो. वास गेला म्हणजे टाकी साफ झाली असं नाही. उलट तीच धोक्याची खूण असू शकते. रुमाल बांधून काही होत नाही. पडलेल्याला काढायला तसंच उतरू नका.

तो मुलगा ते वहीत उतरवून घरी घेऊन गेला. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही. पण बाबासाहेब ‘शिका’ म्हणाले ते एवढ्यासाठीच.

जयभीम!